घराचा विमा: कशाकशाचे पैसे मिळत नाहीत?

चाफेकळी, पुणे
नमस्कार मंडळी. नुकताच रिसेलचा टू बीएचके घेतला, लोन झालं, आणि लोनच्या गठ्ठ्यातच बँकेतल्या मुलीने "मॅडम, हे इन्शुरन्सचं पण साइन करा" म्हणून एक कागद पुढे सरकवला. प्रीमियम लोनमध्येच ॲड केलाय. आता घरी बसून वाचायला घेतलं तर काही टोटल लागत नाहीये. नेटवर शोधलं तर जिकडे तिकडे एकच, की साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर आणि भूकंप बसत नाही, त्याला वेगळी पॉलिसी लागते. मग उरलं काय? आग? माझ्या डोक्याला ताप वेगळेच आहेत, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची ओल आमच्या बेडरूमच्या भिंतीत उतरतेय आणि शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटचं खोदकाम चालू आहे, दिवसभर हादरे. यातलं काय बसतं काय नाही, कोणी नीट सांगेल का?

तिरकस
पहिलं पान वाचलं की सगळं बसतं, शेवटची चार पानं वाचली की काहीच बसत नाही.

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
ताई, तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक अमेरिकेचं वाचलंत. आपल्याकडे बरोबर उलटं आहे.

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना घरासाठी एक ठरावीक पॉलिसी विकायला लावली, तिचं नाव भारत गृह रक्षा. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. पुढे कंपनी आपलं नाव जोडते आणि वर स्वतःची ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियमची जादा कव्हरं, विकते ते वेगळं. यात आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, त्सुनामी, दरड कोसळणं, जमीन खचणं, दंगल, अतिरेकी हल्ला, घरावर झाड किंवा गाडी येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं आत आहे. म्हणजे पेपरात पहिल्या पानावर येईल अशा संकटाचे पैसे मिळतात. मिळत नाहीत ते रोजच्या कटकटीचे. ओल, गळती, वाळवी, गंज, भेगा, जुनेपण, जळालेला फ्रिज, हरवलेली अंगठी. आणि लोकांना वाटतं नेमकं याच्यासाठीच विमा काढलाय.

तुमची ओल: नाही मिळणार. पाइप अचानक फुटून घरात पाणी झालं तर ती "घटना" झाली, तिला तारीख वेळ आहे. हळूहळू झिरपून पोपडे आले तर ती घटना नाही, ती देखभाल. सर्वेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा माणूस, आला की पहिलं हेच बघतो, डाग ताजा आहे की कडेला पिवळ्या रेघा आहेत. पिवळ्या रेघा म्हणजे पावसाळे झाले, क्लेम तिथेच संपला.

खोदकाम: हे जास्त वाईट आहे, सावकाश लिहितो, आत्ता जेवायला बसतोय.

पॅसिफिकवाला, कॅलिफोर्निया
काका बरोबर बोलताहेत, चाफेकळींनी आमच्याकडचं वाचलंय. इथे नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पूर नाही आणि भूकंप पण नाही. पुरासाठी सरकारी योजना आहे १९६८ पासूनची, त्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख, आणि साधारण ३० दिवस थांबावं लागतं पॉलिसी लागू व्हायला, म्हणजे टीव्हीवर वादळ दिसल्यावर पळत जाऊन घेता येत नाही. भूकंपाची वेगळी, आणि तिचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली आपण स्वतः सोसायची रक्कम, एवढं मोठं असतं की माझ्या ओळखीतले निम्मे लोक घेतच नाहीत. पण उलट इथे साध्या पॉलिसीत चोरी असते आणि कोणी माझ्या अंगणात घसरून पडला तर त्याची लायबिलिटी, म्हणजे भरपाईची जबाबदारी, पण असते. भारतात चोरी आहे का बेसिकमध्ये? आईबाबांच्या डोंबिवलीच्या घरासाठी विचारतोय, ते इकडे आले की घर बंद असतं.

चाफेकळी, पुणे
बापरे म्हणजे मी दोन दिवस उलटंच वाचत होते. चोरीचं मला पण हवंय काका.

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
जेवण झालं. आधी चोरी.

बेसिकमध्ये चोरी आहे पण अर्धवट. वर सांगितलेल्यापैकी एखादी घटना घडली, म्हणजे पूर आला, आग लागली, आणि त्या गोंधळात सात दिवसांच्या आत त्यामुळेच चोरी झाली तर मिळते. तुम्ही गावाला गेलात आणि कोणी कडीकोयंडा तोडून घर साफ केलं, तर या पॉलिसीत शून्य. त्याला घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही बहुतेक ठिकाणी कुलूप तोडल्याची, जबरदस्तीने शिरल्याची खूण लागते. कामवाल्या बाईंनी कपाटातून काही नेलं अशी तक्रार असेल तर अनेक पॉलिसी हात वर करतात, आणि घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर घरफोडीचं कव्हर थांबतं अशी अट पण खूप ठिकाणी असते. पॅसिफिकवाले, तुमच्या आईबाबांसाठी हीच ओळ शोधा, बाकीची पॉलिसी नंतर वाचा. जायच्या आधी कंपनीला लेखी कळवून ते कव्हर चालू ठेवता येतं का विचारा, काही देतात.

दागिने: बेसिकमध्ये नाहीत. भांडी, टीव्ही, सोफा, कपडे हे साधं सामान झालं. दागिने, चांदी, चित्रं या मौल्यवान वस्तूंचं कव्हर वेगळं निवडायचं, आणि त्यांची किंमत आधीच ठरवून लिहायची असते. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आतली असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत. आता सोन्याचा भाव बघा आणि १ लाखाच्या आतली कुठली वस्तू तुमच्याकडे आहे ते सांगा, नथ सोडून. म्हणजे सराफाकडून व्हॅल्युएशन करून घेणं आलंच.

रोख रक्कम, सोन्याची बिस्किटं, न जडवलेले खडे, शेअर सर्टिफिकेटं, करारनामे, हे साधारणपणे बाहेर. कपाटात लग्नासाठी काढून ठेवलेली कॅश जळाली तर जळाली.

डोंबिवलीकर
वाचतोय. काका लिहीत राहा.

सेक्रेटरी_नाइलाजाने, ठाणे
सोसायटीच्या बाजूने थोडं. मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बिल्डिंगचा आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीने काढायलाच हवा, आणि त्याचा खर्च सगळ्या फ्लॅटवर बिल्ट-अप एरियाप्रमाणे वाटला जातो. तुमच्या मेंटेनन्स बिलात इन्शुरन्स म्हणून ओळ असेल ती हीच. पण एजीएममध्ये दर वर्षी कोणीतरी उठून म्हणतं की सोसायटीचा आहे ना, मग मी वेगळा कशाला काढू. अहो, सोसायटीचा विमा भिंती, स्लॅब, लिफ्ट, पंप यांचा. तुमचं मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग यात येतं का ते पॉलिसीत काय लिहून घेतलंय त्यावर, आणि सामान तर नाहीच नाही. दुसरी बाजू, एकाच भिंतीचे पैसे सोसायटीच्या पॉलिसीतून आणि तुमच्या पॉलिसीतून असे दोनदा मिळत नाहीत, नुकसान जेवढं तेवढंच.

आणि जुन्या बिल्डिंगवाल्यांनी नीट ऐका. सज्जा पडला, स्लॅबचा तुकडा पडला, सळ्या गंजून प्लास्टर निखळलं, यातलं काही विम्यात नाही. वादळाने पडलं तर आहे, आपोआप पडलं तर नाही. १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट बायलॉजमध्ये सांगितलंय, आमच्याकडे ते करून घ्यायला मला किती शिव्या खाव्या लागल्या ते वेगळा धागा काढून सांगेन. ऑडिटमध्ये "तातडीने दुरुस्ती" लिहिलेलं असताना सोसायटीने काही केलं नाही, आणि मग वादळात तोच भाग पडला, तर कंपनी तो रिपोर्ट मागणार आणि वाद घालणार हे गृहीत धरा.

तिरकस
मी ३४ वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. आमचं ऑडिट कबुतरं करतात.

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
चाफेकळी ताई, खोदकाम. जमीन खचणं पॉलिसीत आहे म्हटलं खरं, पण त्याच ओळीखाली अपवादांची रांग आहे. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याच्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीचं बसणं, नदी किंवा समुद्राने केलेली धूप, सदोष डिझाइन, हलकं मटेरियल, आणि पाडकाम, बांधकाम, खोदकाम. कोणाच्या का जागेवर असेना. म्हणजे शेजारच्या बिल्डरने बेसमेंट खणताना कडेच्या मातीला शोअरिंग, म्हणजे आधार, नीट केलं नाही आणि तुमच्या भिंतीला तडा गेला तर तुमचा विमा म्हणणार हे खोदकामामुळे झालं, आमच्याकडे नाही. हा दावा बिल्डरवर. त्याच्याकडे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क नावाची पॉलिसी असते, तिच्यात शेजाऱ्यांच्या नुकसानीचा भाग असू शकतो, पण ती त्याने घेतलीय का आणि किती रकमेची ते तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. सोसायटीने आत्ताच, भेगा नसताना, सगळ्या फ्लॅटचे तारखेसकट फोटो काढावेत, ज्या बारीक भेगा आहेत त्यांच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवाव्यात म्हणजे हालचाल झाली की पट्टी तडकते, आणि बिल्डरला, महापालिकेच्या बांधकाम विभागाला एक पत्र टाकून पोच घ्यावी. हे काम विमा करत नाही, ते पत्र करतं.

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात हा मुद्दा लोकांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. समोर भेग दिसतेय, पॉलिसीत "सबसायडन्स", म्हणजे जमीन खचणं, लिहिलंय, तरी नाही म्हणता? हो, नाही म्हणतो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
पुराचं मी सांगतो. २२ जुलै २०२१, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत. पूर विम्यात बसतो, हे खरं, पण कशाचा विमा आहे ते बघा. आमच्या आळीत ज्यांची ज्यांची बँकेच्या लोनबरोबर काढलेली पॉलिसी होती त्यातल्या बऱ्याच जणांची फक्त इमारतीची निघाली. सिमेंटच्या भिंतीला पुराने काय होतं? चिखल बसतो, रंग जातो, वायरिंग जातं. खरं नुकसान फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटं, पोरांची पुस्तकं, वर्षाचं धान्य. त्याचं काहीच नाही. माझंही तसंच झालं.

आणि दारातली बाइक, कार? घराच्या पॉलिसीत वाहन नसतं. त्याला गाडीची स्वतःची पॉलिसी, आणि ती पण नुसती थर्ड पार्टी असेल तर पाण्यात. पूर ओसरल्यावर घाईघाईने गाडी स्टार्ट केली आणि इंजिनात पाणी गेलं तर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसताना गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो ऐकून खाली बसावं लागतं.

अजून एक, आमच्याकडे खूप लोकांनी दुकानातला माल घरात वरच्या खोलीत ठेवला होता. घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल कसा येईल? त्याची पॉलिसी दुकानाची वेगळी.

चिखल काढायचा खर्च सर्वेअरने धरला पण थोडासाच.

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
बरोबर, ढिगारा हटवायला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनियरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे. २०१९ च्या महापुरात इकडे शिरोळ, सांगली भागात मी बघितलंय, चिखल उपसायला जो मजूर मिळायचा तो दुप्पट मागायचा.

आता नव्या पॉलिसीत एक सुधारणा झालीय. इमारतीबरोबर सामानाचं कव्हर घेतलं तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान यादी न देता धरलं जातं. जास्त हवं तर यादी द्यायची. पण तुम्ही फक्त इमारतीची निवडलीत तर नाही, म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानावर "कंटेंट्स" (सामान) समोर आकडा आहे का डॅश आहे ते बघा.

संत्रानगरी, नागपूर
माझा प्रश्न. उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि टीव्ही एकदम उडाले. कंपनीने सरळ नाकारलं. विजेचं नुकसान आहे म्हणतात पॉलिसीत मग?

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
शॉर्ट सर्किट, जास्त दाब, आपोआप तापणं, यामुळे जे यंत्र जळलं ते यंत्र बाहेर. अगदी कडाडून वीज पडली आणि वायरीतून येऊन टीव्ही उडाला तरी तो टीव्ही बाहेर, मजकुरात तसं स्पष्ट आहे. मात्र त्या टीव्हीने पेट घेतला आणि पडदे, सोफा, भिंत जळाली तर ते सगळं आत. फक्त ज्याच्यात सुरू झालं ते एक यंत्र वजा. याला ब्रेकडाउनचं ॲड-ऑन मिळतं, पण जुन्या वस्तूला घसारा धरतात, तेव्हा आधी घराच्या डीबीत (मेन स्विचच्या बोर्डात) सर्ज प्रोटेक्टर बसवा, स्वस्त पडेल.

संत्रानगरी, नागपूर
म्हणजे टीव्हीने घर पेटवलं असतं तर पैसे मिळाले असते, नुसता टीव्ही गेला म्हणून नाही. कमाल आहे. धन्यवाद काका.

नारळीपोफळी, श्रीवर्धन
कोकणवाल्यांसाठी दोन गोष्टी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. कौलं, पत्रे, मांगर हे विम्यात धरता येतं, नवीन पॉलिसीत कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, सोलर पण इमारतीत मोजतात. पण वाडी नाही. नारळ, पोफळी, आंबा उन्मळून पडला, त्याचा घराच्या विम्याशी संबंध नाही, फळपिकांची योजना वेगळी असते आणि तिचे निकष वेगळे. आमच्याकडे घर उभं होतं आणि मागे वाडी आडवी, उत्पन्न सगळं वाडीचं. घराच्या कागदावर त्याचं काही नाही.

दुसरं होमस्टे. आता दोन खोल्या काढून पर्यटक ठेवणारे खूप झालेत. घराची पॉलिसी राहण्याच्या घरासाठी असते, हॉलिडे होम किंवा लॉजिंग बोर्डिंग म्हणून वापरलं तर नुकसान देत नाहीत असं मजकुरात आहे. आमच्या एका शेजाऱ्याने तर गेटवर एवढा मोठा बोर्ड लावलाय आणि पॉलिसीत लिहिलंय स्वतःच्या राहण्यासाठी. सर्वेअर काय डोळे मिटून येणार का?

चाफेकळी, पुणे
मंडळी, कागद परत काढून बघितला. त्यावर माझं नाव, माझं वय, नॉमिनी नवरा, आणि रक्कम लोनएवढी, दर वर्षी कमी होत जाणारी. घराचा पत्ता कुठेच नाही. म्हणजे हा घराचा विमा नाहीच?

सेक्रेटरी_नाइलाजाने, ठाणे
नाही ताई. हा तुमच्या आयुष्याचा विमा आहे, तुम्हाला काही झालं तर लोन फिटेल. घर जळालं तर या कागदाचा उपयोग नाही, आणि हप्ते चालूच राहणार. आमच्या सोसायटीत अर्धे लोक याच कागदाला घराचा विमा समजून बसलेत. वाईट पॉलिसी आहे असं नाही, गोष्ट वेगळी आहे. आणि बँक म्हणेल त्याच कंपनीकडून घ्यायची सक्ती नसते, हे पुढच्या वेळी त्या मुलीला सांगा. फ्री लूकची, म्हणजे नको असेल तर पॉलिसी परत करायची, मुदत आहे का अजून ते पण बघा, लाइफ पॉलिसीला ३० दिवस असतात पॉलिसी हातात आल्यापासून.

चाफेकळी, पुणे
मुदत आहे अजून! मग आता घराची घ्यायची तर किती रकमेची? फ्लॅट ९५ लाखांचा आहे.

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
९५ लाखांची नाही घ्यायची. त्यातली बरीचशी किंमत जागेची आणि पत्त्याची आहे, आणि जमीन काही जळत नाही. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा. कार्पेट एरिया समजा ७०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला ३००० धरला तर २१ लाख. सामानाचं कव्हर घेतलं तर त्याच्या २० टक्के म्हणजे ४ लाख २० हजारांचं सामान आपोआप. मार्केट व्हॅल्यू कमी झाली, बिल्डिंगचं नाव खराब झालं, याचे पैसे कुठल्याच पॉलिसीत मिळत नाहीत. घर राहण्यालायक नसेल तोपर्यंतचं दुसरीकडचं भाडं मात्र या पॉलिसीत आहे, ते लोक मागायलाच विसरतात.

प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो. वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा गेला, हा राहिला.

तिरकस
आणि एवढं करून कंपनी देत नाहीच. माझ्या मेव्हण्याचा क्लेम दोन ओळींच्या मेलवर नाकारला.

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
नाकारताना कुठल्या कलमाखाली ते लेखी मागायचं. पुरात, आगीत लगेच कळवायचं, साफसफाईच्या आधी फोटो, तलाठ्याचा पंचनामा किंवा अग्निशमन दलाचा रिपोर्ट, घरफोडी असेल तर एफआयआर. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. मेव्हण्यांचं वर्ष झालंय का?

तिरकस
विचारून सांगतो. (हे पहिल्यांदा सिरियसली लिहितोय.)

चाफेकळी, पुणे
काका अजून एकच. वरच्यांची ओल माझ्याकडे येते तशी माझ्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या फॉल्स सीलिंगवर पडलं तर माझ्या पॉलिसीतून त्यांना मिळेल का?

जुना_सर्वेअर, कोल्हापूर
बेसिकमधून नाही. ती दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी झाली, त्याला पब्लिक लायबिलिटीचं ॲड-ऑन. पॅसिफिकवाले म्हणाले तसं तिकडे ते आत असतं, इकडे वेगळं मागावं लागतं. एजंट स्वतःहून काढत नाही कारण त्यात त्याला फार सुटत नाही.

डोंबिवलीकर
मी भाड्याने राहतो, मला यातलं काही घेता येतं का, की मालकाने घ्यायचं?

सेक्रेटरी_नाइलाजाने, ठाणे
भिंती मालकाने, सामान तुम्ही. फक्त सामानाची पॉलिसी भाडेकरूला मिळते, लीव्ह अँड लायसन्सचा करार जवळ ठेवा. आणि मालकाचा सोफा तुमच्या यादीत घालू नका.